तीन वेळा नको

आमच्या इचलकरंजीत पूर्वी माणसाची पत त्याच्या शेडमध्ये माग किती, यावर ठरायची. अलीकडे ती त्याचं बोलणं पलीकडच्या माणसाला किती ऐकू जातं यावर ठरते. मोठ्या माणसाचा खोकलासुद्धा दिल्लीपर्यंत जसाच्या तसा पोचतो. आमच्यासारख्यांनी हंबरडा फोडला तरी पलीकडे जातं, "दुःख झाले आहे."

मी चौगुले. माझी पिठाची गिरणी आहे. गिरणी म्हणजे गल्लीचं पोलीस ठाणं, दवाखाना आणि कोर्ट, सगळं एका पत्र्याखाली. त्यामुळे हे सगळं माझ्यासमोरच घडलं. थोडी मीठमिरची मी लावली असेन, पण पीठ खरं आहे.

एक काळ होता, हातात स्मार्टफोन नाही असा माणूस शोधून सापडत नसे. मग हळूहळू फोनशिवाय पानच हलेना. रेशनचा गहू, दवाखान्यातला नंबर, एसटीचं तिकीट, सगळं फोनवर. पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांना आपण जिवंत आहोत हे दाखवायलाही फोनच लागायचा. समोर उभं राहून चालत नसे. गिऱ्हाईक अडलंय म्हटल्यावर दुकानदार काय करतो, हे मला कुणी शिकवायला नको. फोनच्या किमती मोटरसायकलच्या पुढं गेल्या. जुने फोन एका उन्हाळ्यात एकदमच मुके झाले, कारण त्यांना समजेल असं नेटवर्कच कुणी ठेवलं नाही. त्यात हवेतली जागाही भरत आली. गाड्या गाड्यांशी बोलत होत्या, फ्रीज दूधवाल्याशी बोलत होता, रस्त्यावरचे दिवे एकमेकांची चौकशी करत होते. माणसांना बोलायला जागा उरली नाही, आणि होती ती परवडण्यासारखी नव्हती.

अशा वेळी कर्णा लावलेली एक गाडी गल्लीत शिरली आणि सारफोन आला.

सारफोनची युक्ती अशी. साधा फोन तुमचा आवाज उचलतो आणि जसाच्या तसा पलीकडे नेऊन टाकतो. त्याला हवेत जागा फार लागते. सारफोन तसं करत नाही. तो तुमचं वाक्य पुरं होईपर्यंत गप्प ऐकतो, त्यातला अर्थ काढून घेतो आणि तेवढाच चिमूटभर आकड्यांत बांधून धाडतो. पलीकडचा सारफोन ती पुडी सोडतो आणि त्या अर्थाचं वाक्य नव्यानं बनवून तुमच्याच आवाजात बोलून दाखवतो. अख्खा ऊस पाठवण्याऐवजी गुळाचा खडा पाठवावा, तसंच. त्यामुळे फोन जवळजवळ फुकट आणि बोलणं तर फुकटच. ज्यांच्याकडे पैसा होता ते "सविस्तर" नावाचा महागडा फोन घेत. म्हणजे गरिबाला सार आणि श्रीमंताला सविस्तर.

तुमचा आवाज त्याला कळावा म्हणून फोन घेताना गाडीपाशी उभं राहून एक धडा मोठ्यानं वाचावा लागे. तहानलेल्या कावळ्याचा. अख्ख्या गल्लीनं तो वाचला. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी कंपनीच्या पोरीमागून म्हटला. परिणाम असा झाला की त्या दिवसापासून सगळी गल्ली फोनवर धडा वाचल्यासारखी बोलू लागली. कुणी मेल्याची बातमी असो की बारशाची, सूर तोच. कावळ्याने घड्यात खडे टाकले.

सुरुवातीला मी खूश होतो, खोटं कशाला बोलू? गिरणीच्या घरघरीत जुन्या फोनवर काही ऐकू येत नसे. सारफोन घरघर गाळून टाकायचा. शिवाय माझ्या सासूबाई. त्यांचा फोन आला की माझ्या बायकोच्या, मालनच्या, वाळत चाललेल्या तब्येतीवर त्या अर्धा तास बोलायच्या आणि त्यातलं प्रत्येक वाक्य मला लागेल असं बेतलेलं असायचं. सारफोन आल्यापासून त्यांच्या आवाजात एवढंच यायचं, "मुलीकडे लक्ष द्यावे." मी म्हणायचो, "बरं." तिकडे काय जायचं देव जाणे, पण संसार सुखाचा झाला.

समोरच्या चाळीतला महिपती पोवार मागांची जुळणी-दुरुस्ती करणारा जॉबर होता. पगार लांबला की तो शेठला फोन लावून आधी त्याच्या घराण्याचा उद्धार करायचा. शेठला ऐकू जायचं, "पगार वेळेवर मिळावा, ही विनंती." शेठ चारचौघांत सांगत सुटला की महिपतीसारखा सुसंस्कृत कामगार त्यानं आयुष्यात पाहिला नाही. पगार मात्र लांबायचा तो लांबायचाच.

या महिपतीची बायको सारिका. घरी चरख्यावर सुताच्या कांड्या भरायची. माहेर विट्याकडचं. आईबाप गेलेले, माहेर म्हणून उरलेला एकच थोरला भाऊ, सुखदेव. तो मदुराईला गलाईच्या दुकानात कामाला. विट्याकडची माणसं देशभर पसरून हाच धंदा करतात: सोनं-चांदी मुशीत घालून गाळायची आणि शुद्ध करून द्यायची. दुकान कुणा भावकीतल्या माणसाचं. सुखदेव नुसता भट्टीपुढचा. त्याच्याकडेही सारफोनच होता.

सारिकाच्या ईश्वरीचं लग्न ठरलं. पोरगी गुणाची, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. मुलगा हातकणंगल्याचा, शार्दूल नावाचा. सारिका दळण घेऊन आली ती नाचतच.

"अण्णा, दादाला फोन लावते. पहिलं आवतन दादाला."

आता नवरीच्या मामाचं महत्त्व मी सांगायला नको. मंगलाष्टकांच्या आधी भटजी ओरडतात, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. मामा मुलीला हाताला धरून मांडवात आणतो आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. बाप नसला तर चुलता चालतो. मामा नसला की वऱ्हाडातल्या बायका एकमेकींकडे बघतात.

सारिकानं फोन लावला. माझ्यासमोर ती जे बोलली ते असं होतं: "दादा, ईश्वरीचं ठरलं बघ! आता तुझ्याबिगर मला कोण हाय रं? वैनीला, पोरांस्नी घेऊन आठ दिस आधी ये. पावण्यासारखा उभ्या उभ्या येऊ नकोस, सांगून ठेवते. तू न्हाई आलास तर मी मांडवच घालणार न्हाई!"

फोन क्षणभर गप्प राहिला. मग सुखदेवच्या आवाजात उत्तर आलं, कावळ्याच्या सुरात: "येणे शक्य नाही. तुम्ही करून घ्यावे."

सारिकाचा चेहरा पिठासारखा झाला. ती म्हणाली, "बरं." आणि फोन ठेवला. दळण तसंच टाकून ती घरी गेली.

नंतर सारिका दळायला यायची, पण बोलायची नाही. लेकीचं लग्न तोंडावर आलेली बाई गप्प म्हणजे वाईट. महिपती मला म्हणाला, "मेव्हण्यानं तोडलं म्हणायचं. कधी वाटलं न्हवतं."

खरं काय ते कळलं जत्रेच्या निमित्तानं. मदुराईच्या त्याच दुकानातला एक विटेकर गावी आला होता, तो वाट वाकडी करून गिरणीतच सारिकाला गाठायला आला. आला तो तोंड फुगवूनच.

"ताई, राग मानू नका," तो म्हणाला, "पण सख्ख्या भावाला अशी बोळवण करतात व्हय? 'ईश्वरीचे लग्न आहे. यावे.' एवढंच? सुखदेव आपला रीतीनं म्हणाला, अगं एवढ्या लांबनं कुठं येतोय मी, तुमी मोठी माणसं, तुमचं तुमी उरका की. तर तुमी म्हणालासा, 'ठीक आहे.' आन् फोन बंद! तेव्हापास्नं त्यो भट्टीपुढं बसून नुसता धुमसतोय."

मी कपाळावर हात मारला. आमच्याकडे बोलावलेला माणूस पहिल्यांदा "नको" म्हणतो तो नमस्कार समजायचा असतो. दुसऱ्यांदा म्हणतो तेव्हा तो बघत असतो, समोरच्याला आपली खरंच गरज आहे का. तिसऱ्या "नको"नंतर माणूस गपचूप पाटावर बसतो. पहिल्या "नको"ला "बरं" म्हणणं म्हणजे त्याला दारातून परत पाठवणं. हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण सारफोनला अर्थ कसा काढायचा हे ज्यांनी शिकवलं, त्यांनी पंगतीत कधी वाढलं नसावं. त्यानं सारिकाचा आग्रह पाणी म्हणून ओतून दिला आणि सुखदेवचा रिवाज नकार म्हणून पोचवला.

"परत लाव की फोन," मी म्हणालो.

तिनं लावला. गळा काढून रडली, हात जोडले. पलीकडून आलं, "निरोप मिळाला." तिनं आणखी विनवण्या केल्या. पलीकडून आलं, "आपला निरोप याआधीच मिळाला आहे." यंत्राला तिच्या दहा विनवण्यांत अर्थ एकच दिसत होता. एकच अर्थ पुन्हा पुन्हा कशाला धाडायचा? हुशार होतं ते.

विटेकर परतणार तो लग्नानंतरच. तिलाच मदुराईला जाऊन ये म्हणावं, तर लग्नाच्या तोंडावर मुलीची आई घर सोडणार कशी आणि जाण्यायेण्यातली मजुरी बुडवणार कशी? मग मलाच सुचलं. म्हटलं, चल, मेन रोडच्या दुकानात सविस्तर फोन तासावर भाड्यानं देतात. पैसे मी देतो, ईश्वरीचा आहेर समज.

त्या दुकानात आत जाताना पायातली चप्पल काढावी की नाही, हेच मला कळेना. गार हवा, फुलांचा वास. एका पोरीनं आमच्यापुढं फोन धरला आणि मऊ आवाजात म्हणाली, "यात तुमचा श्वाससुद्धा पोचतो मॅडम. ऐका." फोनमधून कुणा बाईनं उसासा टाकला. इतका खरा, की मी मागं वळून बघितलं.

"उसासा टाकायचं पैसं घेतात व्हय?" सारिका मला हळूच म्हणाली. मग त्या पोरीला म्हणाली, "लावून दे बाई. मदुराईला."

"समोर कोणता फोन आहे?"

"सार."

पोरीच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच थांबलं. "मग उपयोग नाही मॅडम. समोरचा सार असला की तुमचं सविस्तर बोलणंही तिथं सारच होऊन निघतं. दोन्ही बाजूंना सविस्तर लागतो."

"म्हंजे मला रडायचं असलं तर माझ्या दादानं श्रीमंत व्हायला पायजे?"

पोरगी बिचारी भली होती. तिनं मान खाली घातली आणि हळूच म्हणाली, "माझ्या आईकडेपण सारच आहे."

आम्ही परत आलो. मला मनापासून लाज वाटली. एवढे दिवस मी सासूबाईंना गाळून सुखात बसलो होतो, आणि तेच यंत्र बहीणभावाची ताटातूट करत होतं.

वाट सापडली ती ईश्वरीमुळे. एक दिवस ती आईबरोबर दळण घ्यायला आली असताना तिच्या होणाऱ्या नणंदेचा फोन आला. नणंदही सारफोनवालीच. उखाण्यांची तालीम चालली होती. लग्नात घास भरवताना नवऱ्याचं नाव यमक जुळवून घ्यायचं असतं, त्याची. ईश्वरीनं सगळ्यांना ऐकू जाईल असा फोन डब्यावर ठेवला. नणंद धड्याच्या सुरात म्हणाली, "आता मी उदाहरण देते." आणि मग एकदम फोनमधून जिवंत बाई बोलली:

"चहात घालते आलं, वरनं घालते साय,
सागररावांचं नाव घेते, वहिनी, तुझी तयारी काय?"

शेवटी ती खुदकन हसली आणि ते हसू आमच्या गिरणीत आलं. मागे कुठंतरी कुकरची शिट्टी वाजली, तीसुद्धा आली. दळायला आलेल्या बायका दचकल्या. कित्येक महिन्यांत आम्ही फोनवर कुणाचं हसणं ऐकलं नव्हतं.

"हे कसं गं आलं?" मी विचारलं.

ईश्वरीनं थोडा विचार केला. "काका, यंत्र आधी बघतं, वाक्यात अर्थ किती आणि शब्दांचा घाट किती. साध्या बोलण्यात शब्द बदलले तरी अर्थ राहतो, म्हणून ते कापतं. पण नाव, पत्ता, मंत्र, कविता यात एक अक्षर बदललं तरी सगळं गेलं. म्हणून जिथं यमक सापडतं तिथं ते काहीच कापत नसणार. आणि ताल बिघडू नये म्हणून आवाजही जसाच्या तसा पाठवत असणार."

सारिका चाळणी हातात धरून उभी होती. तिनं चाळणी खाली ठेवली. "म्हंजे उखाण्यात बोललं तर दादाला सगळं जाईल? आवाजबी?"

"जाईल की."

ही गोष्ट गल्लीत लपणार कशी? दोन दिवसांत सगळ्या बायका फोनवर उखाण्यात बोलायला लागल्या. भाजीवाल्याला भाव विचारायचा तरी नवऱ्याचं नाव. ज्या नवऱ्यांना घरात कुणी हाक मारत नसे त्यांची नावं सकाळपासून गल्लीत घुमायला लागली. पुरुषही शिकले. महिपतीनं शेठला लावला:

"धोट्यामागं धोटा धावतो, माग वाजतो फार,
सारिकाचं नाव घेतो, शेठ, कधी देणार पगार?"

आणि त्याच्या पुढची दोन यमकं मी इथं सांगू शकत नाही. शेठला पहिल्यांदाच महिपतीचे खरे विचार समजले. पगार दुसऱ्या दिवशी झाला, मात्र सुसंस्कृतपणाबद्दल पुन्हा कुणी बोललं नाही.

माझीही सुटका नव्हती. सासूबाईंचा फोन आला. खणखणीत आवाज, वय वर्षं ऐंशी:

"लेक माझी वाळून वाळून झाली बघा काडी,
शंकररावांचं नाव घेते, जावयाच्या ढेरीला आता लागंल बैलगाडी!"

मालन हसून हसून पाटावर बसली. मी गिरणी सुरू केली, पण घरघरीतूनही ऐकू यायचं ते आलंच.

सारिका मात्र फोन लावेना. तिला स्वतःच्या लग्नातला एकच उखाणा येत होता, तोही अर्धा. ती कांड्या भरता भरता जुळवत बसायची. दळायला आली की मला विचारायची, "अण्णा, 'दार'ला काय जुळंल?" मी म्हणायचो, "गार, फार, पगार." ती वैतागायची. मी म्हणालो, "अगं, कसाही म्हण, भाऊच आहे." तर म्हणाली, "एकदा चुकलंय अण्णा. आता तीनदा इचारायचं हाय, आन् तिन्ही धड पायजेत."

तेवढ्यात सगळ्यांच्या फोनवर कंपनीचा निरोप आला. इचलकरंजी भागात काव्याचं प्रमाण अचानक वाढल्यामुळे यंत्रणेवर ताण येत आहे. रविवारी आवश्यक ती सुधारणा करण्यात येईल.

मी सारिकाला गाठलं. "बाई, आता तुझं काव्य पुरं कर. रविवारनंतर काही खरं नाही."

"रविवारीच दादा मोकळा असतो. सकाळी लावते."

रविवारी सकाळी ती गिरणीत आली. घरी पाहुणे होते, त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं. मी गिरणी बंद केली. नुसत्या फोनसाठी मी गिरणी बंद केल्याची ती पहिलीच वेळ; पण आता आवाज जाणार म्हणजे घरघरही जाणार. महिपती आणि ईश्वरी दारात उभे राहिले.

सारिकानं पदर सारखा केला, डोळे मिटले आणि शाळेत कविता म्हणावी तशी सुरुवात केली:

"गिरणीत दळते जोंधळा, वर मूठभर गहू,
महिपतरावांचं नाव घेते, दादा, वाट किती पाहू?"

मग कावळ्याचा सूर: "हा प्रकार काय आहे?"

"दादा, यमकात बोल!" सारिका ओरडली. तिकडे काय गेलं असेल, "काव्य करावे" बहुतेक. सुखदेव म्हणजे भट्टीपुढं आयुष्य काढलेला माणूस. स्वतःच्या लग्नात बायकांनी नाव घ्यायला लावलं तेव्हा हा पठ्ठ्या मागच्या दारानं पळाला होता, असं सारिकाच सांगायची. आम्ही सगळे फोनकडे टक लावून बसलो. मग घोगरा, अडखळता आवाज आला. खरा आवाज.

"मुशीत सोनं वितळतं, भट्टी हुती... भट्टी होते लाल,
नंदाचं नाव घेतो... तू सोडलंस तवापास्नं झाले माझे हाल."

सारिकानं तोंडावर पदर दाबला. पुढचं म्हणताना तिचा आवाज चिरला आणि तो चिरलेलाच गेला:

"तू म्हणालास नको, तशी मी गप्पच बसले,
महिपतरावांची शपथ, दादा, मी न्हाई रुसले."

यावेळी उत्तर लवकर आलं. नाक ओढल्याचा आवाजसुद्धा आला.

"एकदाच विचारलंस म्हणून मला आला राग,
नंदाचं नाव घेतो, रोज रात्री असते जाग."

आणि पाठोपाठ साध्या बोलण्यात काहीतरी, जे कावळ्याच्या सुरात पोचलं: "आमंत्रण कृपया पुन्हा द्यावे."

ईश्वरी रडता रडता हसली. महिपती म्हणाला, "दे की गं, मागतोय न्हवं!"

सारिकानं तिसरा घेतला. हाच तिनं सगळ्यात जपून जुळवला होता.

"आई गेली, आबा गेले, माहेर म्हंजे तुझं दार,
महिपतरावांचं नाव घेते, मामाबिगर लेकीला मांडवात कुणाचा आधार?"

आम्ही वाट पाहिली. फोनचा दिवा एकदा विझला आणि पुन्हा लागला. मग सुखदेवच्या आवाजात, कावळ्याच्या सुरात, स्वच्छ आणि शांत उत्तर आलं:

"वक्त्याने पत्नीचे नाव घेतले."

कंपनीची सुधारणा झाली होती.

सारिकानं पुन्हा लावला, पुन्हा बोलली. पलीकडून तेच. "वक्त्याने पत्नीचे नाव घेतले." येतो म्हणाला, येत नाही म्हणाला, काहीच कळायला मार्ग नव्हता. मी त्या कंपनीला ज्या शिव्या घातल्या त्यांत एक यमक चुकून जुळलं, पण आता त्याचा उपयोग नव्हता.

लग्नाचा दिवस उजाडला. सुखदेवचा पत्ता नाही. दोन दिवसांपासून त्याचा फोनही लागत नव्हता. सारिका हॉलच्या दाराकडे बघू नये म्हणून दाराकडे पाठ करूनच वावरत होती, आणि कुणी आत आलं की आधी तीच वळत होती.

तिनं मला बोलावलं. "अण्णा, वेळ आली तर तुमी उभं राहा मामा म्हणून."

मला फेटा बांधला. घट्ट बांधला. माझ्यासारख्या माणसाला असला मान मिळाल्यावर आनंद व्हायला हवा होता. पण ईश्वरीनं माझा हात धरला तेव्हा तिची बोटं गार पडलेली होती आणि मला कुठंतरी पळून जावंसं वाटत होतं. मानाची जागा दुसऱ्याची असली की फेटा फार टोचतो.

भटजींनी अंतरपाट धरायला लावला आणि ओरडले, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!"

मी पाऊल उचललं.

"थांबा की वं!" दारातून आवाज आला. खांद्याला बॅग, शर्ट चुरगळलेला, दाढी वाढलेली, भट्टीनं काळी पडलेली बोटं. मागे बायको आणि पोरं पिशव्या सावरत पळत होती. "गाडी मिरजेला लई लेट झाली! मामा आलाय, थांबा!"

मी फेटा काढून त्याच्या डोक्यावर ठेवला. त्याला तो सैल झाला. त्यानं ईश्वरीचा हात धरला आणि चालायला लागला. सारिकाकडे त्यानं बघितलंही नाही; बघितलं असतं तर दोघांचंही काही खरं नव्हतं. अख्खी मंगलाष्टकं तो एका हातानं फेटा धरून उभा होता.

पंगतीत मी त्याच्या शेजारी बसलो. सारिका जिलबीचं ताट घेऊन वाढत आमच्यापुढं आली आणि थांबली. इतक्या दिवसांनी दोघं समोरासमोर आली होती.

"शेवटाला काय म्हणालास रं, तिसऱ्यांदा?" तिनं विचारलं. "मला ऐकूच आलं न्हाई."

"मला तरी कुठं तुझं आलं? त्यो फोन म्हणाला, वक्त्याने पतीचे नाव घेतले." सुखदेव ताटाकडे बघत म्हणाला. "मी नंदाला म्हटलं, तिसऱ्यांदा घेतलं न्हवं? मग झालं. चल, बांध पिशव्या."

सारिकाच्या डोळ्यांतलं पाणी जिलबीत पडतं की काय, असं मला वाटलं. तिनं खांद्यानंच डोळे पुसले.

"जिलबी घे दादा."

"नको."

"घे की."

"नको गं, लई झालं."

"माझ्या हातची एक."

"नको म्हटलं न्हवं!" असं म्हणत सुखदेवनं ताटावर आडवा हात धरला, बोटं चांगली फाकवून. सारिकानं त्यातून दोन जिलब्या सोडल्या.